जुना साग आणि बँड सॉच्या पट्ट्याची धार

मुंबईत घोडपदेवच्या आमच्या कारखान्यात नवे लाकूड क्वचितच येते. गिरगाव, भुलेश्वर, लालबाग या भागांतल्या शंभरी गाठलेल्या इमारती पाडल्या जातात, तेव्हा त्यांच्या तुळया, कड्या, खांब आणि जिन्याच्या पायऱ्या पाडकामाचे ठेकेदार उचलतात. तो माल वखारीत येतो आणि आम्ही तिथून तो विकत घेतो. त्यातला बराचसा माल बर्मा साग असतो. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातून हे लाकूड जहाजांनी मुंबईच्या बंदरात उतरत असे, आणि १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही त्या व्यापारातली मोठी कंपनी होती. इतकी वर्षे छपराखाली राहून पूर्ण वाळलेले, घट्ट रेषांचे असे लाकूड आज नव्याने मिळणे कठीण आहे. त्याच्या फळ्या चिरून दारे, टेबले आणि कपाटे बनवणे हा आमचा धंदा आहे. एवढ्या मोलाचे लाकूड हाताशी असताना त्यातले किती फळीत जाते आणि किती भुशात जाते, हे बँड सॉच्या, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या करवतीच्या, दातेरी पोलादी पट्ट्याच्या धारेवर ठरते. म्हणून त्या धारेचे काम आम्ही स्वतःकडे कसे घेतले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

गोल करवत एका चिरेत चार ते पाच मिलिमीटर लाकूड खाते, तर आमच्या बँड सॉचा पट्टा दोन मिलिमीटरच्या आत काम भागवतो. आठ इंची तुळईच्या आठ फळ्या काढायच्या म्हटल्या तर सात चिरा पडतात आणि सात चिरांमधला हा फरक जवळजवळ एका फळीइतका भरतो. हा फायदा मात्र पट्टा सरळ चालला तरच पदरात पडतो. बोथट पट्टा लाकडाच्या पोटात लाट धरतो आणि मग ती लाट रंध्याने काढता काढता वाचवलेले सगळे लाकूड पुन्हा भुशात जाते.

आमचे यंत्र उभ्या प्रकारचे आहे. त्याची दोन्ही चाके ३६ इंच, म्हणजे ९१४ मिलिमीटर व्यासाची असून पट्टा ७५ मिलिमीटर रुंद आणि २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाड आहे. ही जाडी मनाला येईल तशी निवडता येत नाही. पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागापेक्षा जास्त असू नये, असा जुना दंडक आहे, कारण जाड पट्टा लहान चाकावरून वळताना त्याच्या पृष्ठभागावर फार ताण येतो. चाक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर पट्टा मिनिटाला १,७०० मीटरहून अधिक वेगाने धावतो. सहा मीटरच्या पट्ट्याचा प्रत्येक भाग त्या हिशेबाने तासाला ३४ हजारांहून जास्त वेळा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. पट्टा मरतो तो बहुतेक वेळा या वाकण्याने. लाकूड कापल्यामुळे तो केवळ झिजतो. ही गोष्ट मनात पक्की बसली की धार लावण्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

पूर्वी आमचे पट्टे धार लावण्यासाठी बाहेर जात असत. ज्या दुकानात ते जात, तिथून ते आरशासारखे चकचकीत होऊन परत येत. पण पहिल्या दोन-तीन तुळयांतच यंत्राचा आवाज जड होऊ लागे आणि भुसा पिठासारखा बारीक पडू लागे. एकदा मी असा नुकताच परत आलेला पट्टा खिडकीपाशी उजेडात धरून दात एकेक करून पाहिले, तेव्हा बऱ्याच टोकांवर निळसर झाक दिसली. भरभर काम उरकण्यासाठी एमरीचे, म्हणजे घासणाऱ्या दगडाचे, चाक दातावर जोराने दाबले गेले होते आणि टोकाच्या पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला होता. काही ठिकाणी दोन दातांमधल्या खोबणीच्या तळाशी गोलाईऐवजी चक्क कोपरा तयार झाला होता. पुढे त्याच पट्ट्याला बारीक भेगा पडल्या आणि त्यातली एकही भेग कोपऱ्याबाहेर सुरू झालेली नव्हती. त्या दुकानाशी वाद घालत बसण्यापेक्षा हे काम आपल्या डोळ्यांसमोर व्हावे, असे मला वाटले.

रे रोडच्या एका वखारवाल्यांनी मला एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचवले. हे काका मूळचे संगमेश्वरकडचे. दारूखाना भागातल्या लाकूड गिरण्यांमध्ये पट्ट्यांना धार लावण्यात आणि त्यांची डागडुजी करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, आणि निवृत्त झाल्यावरही हाताला काम हवे म्हणून ते यायला तयार झाले. आम्ही एक जुने, आपोआप चालणारे धार लावण्याचे यंत्र विकत घेतले, दात फाकवण्याचा, म्हणजे ते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवण्याचा, एक संच आणि काट्याच्या तबकडीचा घड्याळी मापक घेतला, आणि कारखान्याच्या मागच्या खोलीत ऐरण बसवली. यंत्र पाहून काकांनी पहिला प्रश्न विचारला तो पट्ट्याविषयी: “उतरवता कधी?” मी म्हणालो, “कापेनासा झाला की.” त्यावर ते म्हणाले, “मग धार लावून काय उपयोग? तोवर तो मेलेला असतो रे.”

त्यांच्या म्हणण्यातला अर्थ पुढच्या आठवड्यांमध्ये उलगडत गेला. बोथट दात लाकूड कापत नाही, घासतो, घासल्याने तापतो, तापल्याने पट्ट्याची दात असलेली कड प्रसरण पावते आणि सैल पडते, सैल पडलेली कड इकडेतिकडे झुकते आणि कापणारा माणूस स्वाभाविकपणे लाकूड आणखी जोराने ढकलतो. हा सगळा भार खोबणीच्या तळावर येतो. म्हणून पट्टा बोथट झाल्याचे दिसण्याआधीच तो बदलायचा असतो. सागाच्या बाबतीत तर हे फारच काटेकोरपणे पाळावे लागते, कारण सागाच्या लाकडात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच घटकाचे बारीक कण असतात आणि ते दाताचे टोक झपाट्याने गोल करतात. खिळा वगैरे काही न लागता, चांगल्या स्वच्छ सागावरही आम्ही आता पट्टा साधारण दोन तासांच्या प्रत्यक्ष कापणीनंतर उतरवतो. तो उतरवताना दात बऱ्यापैकी धारदार वाटतात, आणि नेमके तेच अपेक्षित आहे: तेवढ्यावर यंत्राने दातावरचा केसभर धातू काढला की काम होते. पूर्ण बोथट दाताला पुन्हा टोक आणायचे तर त्याच्या कितीतरी पट धातू घासून टाकावा लागतो आणि पट्ट्याचे आयुष्य तिथेच संपत जाते.

पट्टा उतरवण्याचे कामही नीट शिकावे लागले. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवायचा, मग वरच्या चाकाचा ताण सैल करायचा, दोन्ही चाकांवरची झाकणे उघडायची आणि दोघांनी मिळून पट्टा एकाच वेळी पुढे ओढून घ्यायचा. चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट यांशिवाय आमच्याकडे कोणी पट्ट्याला हात लावत नाही. त्याचे तीन वेढे घालणे ही एक कलाच आहे: दात आपल्यापासून दूर ठेवून पट्टा उभा धरायचा, खालच्या कडेवर हलका पाय ठेवायचा, दोन्ही मनगटे आतल्या बाजूला वळवत वरचा भाग खाली आणायचा आणि तो आपणहून गुंडाळू लागला की त्याच्या कलाने जाऊ द्यायचे. जबरदस्ती केली तर पोलाद उसळून तोंडावर येते. सहा मीटरचा पट्टा असा गुंडाळला की सुमारे दोन फूट व्यासाचे वेटोळे होते आणि नागदेवी स्ट्रीटवरून नवा पट्टा आणायचा झाल्यास मशीद बंदर स्थानकावर हार्बर मार्गाच्या लोकलच्या मालडब्यात तो सहज मावतो. पट्ट्याच्या दातांवर गोणपाट बांधल्याशिवाय मात्र गाडीत चढू नये.

उतरवलेला पट्टा आधी धुतला जातो. सागात तेल असते आणि भुसा त्यात मिसळून दातांच्या बगलेला काळा, चिकट थर बसतो. तो रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि पितळी ब्रशने काढावा लागतो. हा थर राहिला तर दात फाकवताना मापकाचा काटा खोटे माप दाखवतो, शिवाय त्याच्याखाली भेग लपलेली असू शकते. काका स्वच्छ केलेला पट्टा दोन लाकडी घोड्यांवर ठेवून खिडकीच्या उजेडात फिरवत आणि प्रत्येक खोबणीच्या तळावर अंगठ्याचे नख फिरवत जात. डोळ्याला न दिसणारी भेग नखाला लागते. मी आधी भिंग वापरत असे. आता मीही नखच फिरवतो आणि शंका आली तरच भिंग घेतो.

प्रत्यक्ष धार लावण्याचे यंत्र तत्त्वतः साधे आहे. एक खुंटी पट्ट्याचा एकेक दात पुढे ढकलते आणि त्याच लयीत एमरीचे चाक दाताच्या पुढच्या अंगाने खाली उतरते, खोबणीच्या तळातून वळते आणि शेजारच्या दाताच्या पाठीवरून वर चढते. सगळे कौशल्य या फिरण्याच्या आकारात आहे. चाकाची कड आधी घासणीच्या दगडाने गोल करून घ्यावी लागते, कारण खोबणीला तोच आकार येणार असतो. कड टोकदार झाली की खोबणीत कोपरा पडलाच. आमच्या दातांमधले अंतर २५ मिलिमीटर आहे आणि त्यासाठी आम्ही आठ मिलिमीटर जाडीचे चाक वापरतो. दाताचा पुढचा कल, म्हणजे दात लाकडाकडे किती झुकलेला असावा, हे लाकडावर अवलंबून असते. मऊ लाकडासाठी तो २५ अंशांपर्यंत ठेवता येतो, पण वाळून कठीण झालेल्या जुन्या सागासाठी आम्ही १५ अंशांच्या आसपास राहतो. त्याहून झुकलेला दात लाकडात आपणहून घुसतो आणि अशा कठीण मालात हिसके देतो.

सुरुवात नेहमी सांध्यापासून, म्हणजे पट्ट्याची दोन टोके जोडलेल्या जागेपासून, होते. सांध्यालगतच्या दातावर रंगीत मार्करने खूण करायची, शेजारचे पाच-सहा दात पूर्णपणे रंगवायचे आणि चाक केवळ टेकेल इतके खाली आणून तेवढेच दात फिरवून पाहायचे. रंग पुढच्या अंगावरून, तळातून आणि पाठीवरून सारखा निघाला, तर यंत्र जुळले. तळातच राहिला किंवा टोकावरूनच निघाला, तर कल आणि खोली पुन्हा लावायची. या जुळवणीला कधी कधी प्रत्यक्ष धारेपेक्षा जास्त वेळ लागतो आणि तो दिलाच पाहिजे. जुळल्यावर एक पूर्ण फेरी हलकी, दुसरी तितकीच हलकी, आणि गरज असल्यास तिसरी. ठिणग्या आखूड आणि पातळ पडल्या पाहिजेत. ठिणग्यांचा झोत दाट झाला आणि आवाज किरकिरा झाला, की चाक जास्त दाबले जात आहे असे समजून लगेच वर उचलायचे. तापलेले टोक थंड पट्ट्याच्या संगतीत झटकन निवते, त्यामुळे त्याचे वरचे आवरण कधी मऊ पडते, तर कधी काचेसारखे ठिसूळ होते. दोन्ही प्रकारांत दात लाकडासमोर टिकत नाही. शेवटच्या फेरीनंतर टोकांवर धातूची बारीक कुसळे राहतात. ती बारीक तेलिया दगडाने, दाताच्या बगलेवरून अगदी अलगद फिरवून काढायची.

दात फाकवणे हा यानंतरचा टप्पा. एक दात डावीकडे, दुसरा उजवीकडे असे आळीपाळीने वाकवलेले असतात, म्हणूनच चीर पट्ट्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पट्ट्याच्या बगला लाकडाला घासत नाहीत. दर धारेबरोबर दाताचे टोक थोडे खाली येते आणि फाकही तितकीच कमी होते, म्हणून दर दोन-तीन धारांनंतर ती पुन्हा द्यावी लागते. वाळलेल्या कठीण लाकडाला कमी फाक पुरते, ओल्या आणि तंतुमय लाकडाला जास्त लागते. जुन्या सागासाठी आम्ही प्रत्येक बाजूला ०.४ मिलिमीटर ठेवतो, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या पट्ट्याची चीर सुमारे १.७ मिलिमीटर पडते. दाताचा फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकवायचा. मुळापासून वाकवलेला दात लवचिक राहतो आणि पुन्हा मूळ जागी येऊ पाहतो, शिवाय खोबणीला पीळ पडतो. घड्याळी मापक प्रत्येक दातावर टेकवत जाणे कंटाळवाणे असले तरी अपरिहार्य आहे. डाव्या बाजूचे दात उजव्यांपेक्षा थोडे जरी जास्त फाकलेले असले, तरी पट्टा डावीकडे ओढत जातो, आणि मग माणसे यंत्राची गाइड पट्टी सरकवत बसतात. फळी एकाच दिशेने तिरकी जात असेल, तर मी आता आधी मापक हातात घेतो.

सर्वांत अवघड भाग ऐरणीवरचा आहे आणि तो मला अजून पूर्णपणे येत नाही, असे लिहिणेच योग्य ठरेल. रुंद पट्ट्याचा मधला भाग कडांपेक्षा किंचित ताणून लांब केलेला असावा लागतो, म्हणजे यंत्रावर चढवल्यावर दोन्ही कडा घट्ट राहतात आणि कापताना दातांची कड तापून वाढली तरी ती सैल पडत नाही. मोठ्या गिरण्यांमध्ये यासाठी पट्टा दाबून ताणणारे रूळ असतात. काका रूळ नसेल तिथे गोल तोंडाच्या हातोड्याने हे काम करत. पट्टा थोडा वाकवून उचलायचा, त्याच्या रुंदीवर सरळ पट्टी आडवी धरायची आणि पट्टीखालून येणारा उजेड पाहायचा: मधोमध बारीक फट आणि कडांकडे ती सारखी मिटत गेलेली, असे दिसले तर पट्टा ठीक. कुठे उजेड जास्त, कुठे अजिबात नाही, असे असेल तर खडूने खूण करून तिथे हलके ठोके द्यायचे. काकांचा प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा पडे आणि तीन-चार ठोक्यांनंतर ते पुन्हा पट्टी धरत. त्यांचा हात थांबायचा कधी, हे त्यांना उजेडावरून कळत असे. मी ठोके देतो तेव्हा पट्टी दर ठोक्याला धरतो.

भेग सापडली की निर्णय घ्यावा लागतो. भेग अगदी लहान, चार-पाच मिलिमीटरपर्यंतची असेल, तर तिच्या टोकाला दोन्ही बाजूंनी सेंटर पंचाने हलका ठोका देऊन ती तिथेच अडवता येते, आणि असा पट्टा पुढे बराच काळ चालतो. भेग त्याहून मोठी असेल किंवा दोन-तीन भेगा शेजारी शेजारी असतील, तर तेवढा तुकडा कापून काढून पट्टा पुन्हा जोडावा लागतो. येथे एक हिशेब चुकता कामा नये. आमच्या पट्ट्यावर २४२ दात आहेत, म्हणजे २५ मिलिमीटरच्या अंतराने लांबी ६,०५० मिलिमीटर. दात डावे-उजवे असे आळीपाळीने असल्यामुळे काढलेल्या दातांची संख्या सम असलीच पाहिजे, नाहीतर सांध्यावर एकाच बाजूचे दोन दात लागोपाठ येतात आणि प्रत्येक फेरीला तिथे लाकडावर रेघ उठते. पट्टा किती आखूड होऊ शकतो, हे वरच्या चाकाच्या सरकण्यावर ठरते. म्हणून जास्त तुकडे काढायचे झाल्यास त्याच मापाच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा मध्ये घालणे चांगले.

सांधा काका जुन्या पद्धतीने, चांदीचा डाख घालून करत, आणि तो पाहणे हा माझ्यासाठी या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग होता. पट्ट्याची दोन्ही टोके विरुद्ध बाजूंनी कानशीने तिरपी घासायची, इतकी की सुमारे बारा मिलिमीटर एकमेकांवर चढवल्यावर जाडी मूळ पट्ट्याइतकीच राहावी. बोटांचे तेल लागले तरी डाख धरत नाही, म्हणून घासल्यावर त्या जागेला कोणी हात लावायचा नाही. टोके एका सरळ पकडीत, पाठीची कड पट्टीला टेकवून आवळायची, मध्ये टाकणखाराचा लेप आणि डाखाची पातळ पत्री ठेवायची आणि भट्टीत लाल केलेल्या दोन लोखंडी ठोकळ्यांच्या चिमट्यात तो सांधा दाबून धरायचा. डाख वितळून कडेने चमकदार रेघ दिसली की काका पुटपुटत, “धरला,” आणि तरीही चिमटा सोडत नसत. सांध्याची लाली जाईपर्यंत दाब तसाच ठेवून, मग तो हळूहळू निववून, शेवटी जाडी कानशीने पट्ट्याच्या बरोबरीला आणायची. जाड राहिलेला सांधा चाकावरून जाताना प्रत्येक फेरीला ठोका देतो. बँड सॉची कल्पना इंग्लंडमध्ये १८०९ साली विल्यम न्यूबेरी यांनी पेटंट घेतले तेव्हापासूनची आहे, पण ती व्यवहारात यायला चार दशके लागली, कारण सततच्या वाकण्यापुढे टिकणारा पट्टा आणि सांधा कोणालाच जमत नव्हता. १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज करणाऱ्या ॲन पॉलिन क्रेपिन या फ्रेंच महिलेने तो मार्ग दाखवला. काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि सांध्याचे काम घाईचे नसते, एवढेच म्हणाले.

पट्टा पुन्हा चढवताना चाकांवरचा भुसा आणि चिकटा आधी पूर्ण खरवडून काढावा लागतो, कारण चाकावरचा लहानसा गोळाही पट्ट्याला प्रत्येक फेरीत एक जादा बाक देतो. पट्टा चाकावर असा बसवायचा की दातांच्या खोबणी चाकाच्या कडेबाहेर थोड्या राहतील. दात चाकाच्या ओतीव लोखंडावर आले की त्यांची फाक दबून जाते. ताण दिल्यावर चाक हाताने फिरवून पट्टा एका जागी राहतो का ते पाहायचे, न राहिल्यास वरच्या चाकाचा कल किंचित बदलायचा, आणि मगच यंत्र क्षणभर सुरू करून बंद करायचे. दोन्ही बाजूंचे गाइड ठोकळे पट्ट्याला न टेकता, कागदाच्या जाडीइतके अंतर ठेवून आवळायचे. काम संपल्यावर ताण सैल करून ठेवण्याची सवय आम्ही सर्वांना लावली आहे; तापलेला पट्टा रात्री निवताना आक्रसतो आणि ताणलेल्या चाकांवर त्याला आक्रसायला जागा नसते.

खिळ्यांबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण मुंबईतल्या जुन्या मालात खिळे असतातच. तुळई यंत्रावर येण्याआधी तिच्या चारही अंगांवरून हातातला धातुशोधक फिरवला जातो. नुसते लोहचुंबक पुरत नाही, कारण पितळी स्क्रू त्याला दाद देत नाहीत. लोखंडी खिळ्याभोवतीचा साग काळा पडलेला असतो. रंध्याने वरचा थर काढल्यावर असा काळा ठिपका दिसला की तिथे खिळा असणार हे गृहीत धरायचे, मग तो मोडून आत राहिलेला का असेना. एवढे करूनही एखादा खिळा लागतोच. अशा वेळी यंत्र लगेच थांबवायचे आणि त्या पट्ट्याने पुढे एकही चीर घ्यायची नाही. खिळ्याने दोन-चार दातांची टोके उडवली असतील, तर सगळा पट्टा त्या दातांच्या उंचीपर्यंत घासण्याची गरज नाही. ते दात तसेच आखूड ठेवून बाकीच्यांना नेहमीसारखी धार लावली, तरी पट्टा चालतो आणि पुढच्या काही धारांमध्ये ते आपोआप ओळीत येतात. पाच-सहा दात लागोपाठ गेले असतील, तर मात्र तुकडा काढून नवा सांधा करणे बरे.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. बंदराजवळच्या खाऱ्या, दमट हवेत उघडा ठेवलेला पट्टा एका रात्रीत तांबूस होतो. गंजाचे बारीक खड्डे खोबणीत पडले की भेगा तिथूनच सुरू होतात. म्हणून धार झाल्यावर पट्टा कोरडा पुसायचा, पातळ तेलाचा हात फिरवायचा आणि जमिनीवर न ठेवता भिंतीवरच्या रुंद लाकडी खुंटीवर टांगायचा. प्रत्येक पट्ट्याला एक पत्र्याचा बिल्ला आहे आणि धार, फाक, सांधा यांची नोंद वहीत होते. या वहीमुळेच पट्टा कधी टाकायचा हे ठरवता येते. काकांचा दंडक असा होता की घासून घासून रुंदी मूळच्या दोन तृतीयांशांवर आली, म्हणजे आमच्या ७५ मिलिमीटरच्या पट्ट्यासाठी ५० मिलिमीटर राहिली, की तो मुख्य कामातून काढायचा. आणि एकाच पट्ट्यावर वेगवेगळ्या जागी भेगा येऊ लागल्या, तर रुंदी कितीही असो, पोलाद थकले असे समजून तो मोडीत द्यायचा. एक भेग हा अपघात असू शकतो, पण जागोजागी भेगा आल्या तर तिथे डागडुजी करू नये.

ज्यांच्याकडे ओंडके चिरण्याची छोटी, आडवी यंत्रे आहेत, त्यांचे पट्टे ३२ ते ३८ मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांना ऐरणीवरच्या कामाची गरज नसते. परंतु धार, खोबणीची गोलाई, फाक आणि वेळेवर उतरवणे या बाबतीत वरचे सगळे त्यांनाही तसेच लागू पडते.

अलीकडे आम्हाला एका विक्रेत्याने दातांच्या टोकांवर स्टेलाइट बसवलेला पट्टा सुचवला. कोबाल्ट आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू सिलिका असलेल्या लाकडासमोर साध्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त टिकतो आणि नवा साग चिरणाऱ्या गिरणीसाठी तो निश्चितच योग्य आहे. आमच्या तुळयांमध्ये मात्र कितीही शोधले तरी एखादा खिळा निघतोच, आणि खिळ्यावर स्टेलाइटचे टोक वाकत नाही, तुटते. तुटलेले टोक पुन्हा बसवण्याची सोय आमच्या मागच्या खोलीत नाही. म्हणून जुन्या मालासाठी साधे पोलादी पट्टेच ठेवायचे आणि ज्या फळ्या एकदा चिरून, तपासून, खिळेमुक्त झाल्या आहेत त्यांच्या दुसऱ्या चिराईसाठी एक स्टेलाइटचा पट्टा घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्याची मागणी नोंदवताना दातांची संख्या २४२ असावी आणि पुढचा कल १५ अंशांचा असावा, हे लेखी कळवले आहे.